सही चालते तोवर: मृत्युपत्र, आजारपण आणि वारसनोंद, खानदेशातल्या घरांसाठी

आमच्या आप्पांना लकवा मारला तेव्हा केळीची कटाई आठवड्यावर आली होती आणि मार्चअखेरचं सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं (जुनं फेडून नवं घेणं) बाकी होतं. बोलणं गेलं, उजवा हात गेला, माणसं ओळखणंही गेलं. तरी घरात सगळे व्यवहारांच्या बाबतीत निर्धास्त होते, कारण दोन वर्षांपूर्वीच त्यांनी माझ्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं होतं. वकिलांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "ज्या दिवसासाठी केलं, त्याच दिवशी हे संपलं."

१८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की मुखत्यारपत्र देणारा मरण पावला किंवा त्याची समज गेली, की मुखत्याराचा अधिकारही संपतो. माणूस बेशुद्ध झाल्यावरही चालू राहील असं मुखत्यारपत्र आपल्याकडे नाही. हे आमच्या गावात कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून हा लेख लिहितोय, आणि त्यात मृत्युपत्राइतकाच भर आजारपणावर आहे.

एक खूणगाठ आधीच बांधून घ्या. माणूस धडधाकट असतानाचे कागद वेगळे, तो जिवंत आहे पण समज गेली आहे तेव्हाचे वेगळे, आणि तो गेल्यानंतरचे वेगळे. मृत्युपत्र माणूस जिवंत असेपर्यंत निव्वळ कागद असतं. मुखत्यारपत्र मेल्यावर शून्य. नॉमिनी त्याआधी कुठेच नाही. घरातली निम्मी भांडणं एका काळाचा कागद दुसऱ्या काळात वापरायला गेल्याने होतात.

पहिली पायरी: आपलं नेमकं काय आहे ते शोधा

मृत्युपत्र लिहायला बसण्याआधी एक वही घ्या. शेताचा सातबारा आणि आठ-अ, गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शहरात प्लॉट असेल तर मिळकत पत्रिका, बँक आणि पतसंस्थांची खाती, ठेवींच्या पावत्या, विमा, सोनं कुठे आहे, कोणाला हात-उसने दिले, कोणाचे घेतले, कोणाला जामीन राहिलो. शेवटच्या दोन गोष्टी लोक लिहीत नाहीत आणि नंतर घरच्यांना त्याच जड जातात.

सातबारा वाचताना नावामागे "ए.कु.मॅ." किंवा "ए.कु.क." असं काही आहे का ते बघा. म्हणजे जमीन एकत्र कुटुंबाची असून थोरल्याचं नाव फक्त मॅनेजर म्हणून लागलं आहे. खानदेशात ही जुनी नोंद अजून पुष्कळ उताऱ्यांवर आहे. थोरल्या काकांच्या मुलांना ती जमीन आपलीच वाटते, धाकट्या काकांच्या मुलांना तीच सामाईक वाटते, आणि दोघंही सातबाऱ्याकडेच बोट दाखवतात. सातबारा मालकी देत नाही. तो महसुलाचा कागद आहे. मालकी कळायला तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार, म्हणजे उताऱ्यावरची नावं कधी आणि कशी बदलली त्याच्या नोंदी, काढावे लागतात. ते काढाच. एक-दोन फेऱ्या होतील, पण त्याशिवाय पुढचा प्रश्न सुटत नाही.

पुढचा प्रश्न असा, की जमीन स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित. स्वतः घेतलेल्या जमिनीचं मृत्युपत्र पूर्ण करता येतं. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत फक्त स्वतःच्या हिश्शाचं. समजा अशी १० एकर जमीन आहे. घरात वडील, आई, दोन मुलगे, एक मुलगी. वाटणी झाली असती तर पाच हिस्से, प्रत्येकी २ एकर. म्हणजे वडिलांचं मृत्युपत्र २ एकरांपुरतंच चालणार. त्यांनी दहाच्या दहा एकर धाकट्याला लिहून दिली तरी आठ एकरांबाबत तो कागद पोकळ.

पण "आजोबांची होती म्हणून वडिलोपार्जित" हे गृहीत धरू नका. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर ते वारल्यावर कलम ८ ने वडिलांकडे आली असेल, तर न्यायालयं ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता मानतात. फेरफारावरची तारीख म्हणूनच महत्त्वाची.

मुलींबद्दल घोळ ठेवू नका. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. लग्न १९८० मध्ये झालं होतं का २०१० मध्ये, याने फरक पडत नाही.

दुसरी पायरी: मृत्युपत्र लिहा

कायद्याला फार थोडं लागतं. भारतीय वारसा कायदा, १९२५, कलम ६३: करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि किमान दोन साक्षीदार, ज्यांनी त्याला सही करताना पाहिलं आहे आणि त्याच्यासमोर स्वतः सही केली आहे. स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. नोंदणीची सक्ती नाही. वय १८ पूर्ण आणि बुद्धी शाबूत हवी. खानदेशात केलेल्या, इथल्याच मालमत्तेच्या मृत्युपत्राला प्रोबेटची (मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या शिक्क्याची) सक्ती नाही. मुंबईच्या मिळकतींना ती अनेक वर्षं होती, त्यामुळे मुंबईचा पाहुणा घाबरवेल, घाबरू नका.

कायद्याला थोडं लागत असलं तरी कोर्टात टिकायला जास्त लागतं, आणि खरं काम तिथेच आहे.

साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण निवडा. मृत्युपत्र सिद्ध करायला निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागतं. सत्तरीच्या आप्पांच्या मृत्युपत्रावर पंच्याहत्तरीच्या दोन मित्रांच्या सह्या घेऊन काय उपयोग? ज्याला काही मिळणार आहे त्याला, त्याच्या बायकोला किंवा साल्याला साक्षीदार करू नका. गावातला डॉक्टर आणि शिक्षक ही जोडी चांगली. डॉक्टरांनी त्याच तारखेचं "समज चांगली आहे" असं प्रमाणपत्र दिलं तर सोन्याहून पिवळं.

ज्या मुलाला जास्त मिळणार आहे त्यानेच वकील शोधला, त्यानेच गाडीतून नेलं, त्यानेच पैसे दिले, असं दिसलं की कोर्टाला संशय येतो. त्या मुलाने त्या दिवशी घरी थांबावं. एखाद्याला वगळत असाल तर कारण एका ओळीत लिहा, कडवटपणा न आणता: "मुलगी सौ. … हिला तिच्या घरासाठी मी हयातीत रक्कम दिली आहे, म्हणून या मिळकतीत हिस्सा ठेवलेला नाही." गप्प राहून वगळलं तर भांडण हमखास.

आपल्याकडे जुनी माणसं अहिराणी बोलतात आणि मृत्युपत्र कोर्टाच्या मराठीत लिहिलेलं असतं. "सदरहू", "तहहयात", "उपभोग" हे शब्द आमच्या आजीला कळले नसते. मजकूर तिच्या बोलीत समजावून सांगा, "समजनं का, माय?" असं विचारा, तिच्याच तोंडून पुन्हा ऐका, आणि शेवटी लिहा की मजकूर अहिराणीत समजावून सांगितला व तो मान्य आहे. अंगठा असेल तर ही ओळ अजिबात सोडू नका.

आता शेताबद्दल. "गट नंबर अमुक, दोन्ही मुलांना निम्मा-निम्मा" एवढंच लिहिलेली मृत्युपत्रं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे परिणामही. कुठला निम्मा? विहीर उत्तरेकडे, रस्ता दक्षिणेकडे. विहिरीविना निम्मं शेत म्हणजे केळी सोडून ज्वारी-बाजरीवर येणं. म्हणून असं लिहा: "गटातील विहिरीच्या पाण्यावर दोघांचा निम्मा-निम्मा हक्क राहील. पाळी दिवसाआड. मोटार, पाइपलाइन व वीजबिलाचा खर्च निम्मा-निम्मा. विहिरीपर्यंत जाण्या-येण्याची वाट पूर्वेच्या बांधावरून तीन मीटर रुंद राहील." बांधावरच्या आंब्याचं, सागाचं, ठिबकच्या संचाचं, उभ्या पिकाचं, बैलजोडीचं किंवा ट्रॅक्टरचंही लिहा. चार ओळी जास्त होतील, पण भाऊ एकमेकांच्या दारात येतील-जातील.

बायकोला विसरू नका. "आईला मुलं सांभाळतीलच" या भरवशावर तिच्या नावावर काहीच न ठेवणं मला सगळ्यात चुकीचं वाटतं. निदान राहतं घर आणि काही ठेव तिच्या पूर्ण मालकीची ठेवा. "हयातीत राहण्याचा हक्क" एवढंच देऊन भागवू नका. तिची जमीन, तिचं स्त्रीधन वेगळं आहे आणि तिचं मृत्युपत्रही वेगळं व्हायला हवं. बिनमुलांच्या बाईची स्वकमाईची मिळकत, नवरा हयात नसेल तर, हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आई-वडिलांकडे नाही. मृत्युपत्राने तिला हे बदलता येतं.

शेवटी दोन ओळी: "याशिवाय माझी जी काही मिळकत निघेल ती … यांना" आणि "या मृत्युपत्राची अंमलबजावणी … यांनी करावी". ही जबाबदारी ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे त्याला द्या. मोठा भाचा किंवा जावई पुष्कळदा मुलापेक्षा बरा.

नोंदणी ऐच्छिक असली तरी करा. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात, त्यामुळे "सही आप्पांची नाहीच" हा वाद राहत नाही. चालता येत नसेल तर अर्ज केल्यावर निबंधक घरी येऊ शकतात. गुप्त ठेवायचं असेल तर पाकीट सीलबंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं. मत बदललं तर नवं करा. शेवटचं मृत्युपत्र ग्राह्य, आधीचं नोंदवलेलं असलं तरी. नव्यात जुनं रद्द केल्याची ओळ घाला.

मृत्युपत्राऐवजी हयातीतच बक्षीसपत्र करून द्या, असा आग्रह मुलं धरतात. बक्षीसपत्र झालं की जमीन गेली. तरीही करायचंच असेल तर "हे सांभाळ करण्याच्या अटीवर दिले आहे" हे वाक्य त्यात हवं. मग सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ ने प्रांताधिकाऱ्यांकडे ते रद्द करायला अर्ज करता येतो. ही अट नसेल तर त्या कलमाचा आधार मिळणं फार कठीण.

आखाजीला, सगळे असताना

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, पितरांची घागर भरली जाते, आगारी (विस्तवावर नैवेद्य) टाकली जाते. गेलेल्यांची नावं घ्यायचा तोच दिवस आहे. याच दिवसांत कित्येक घरांत बहिणींना हक्कसोडपत्रावर सहीसाठी निबंधक कार्यालयात नेतात, साडी-चोळी करतात आणि कागद न वाचता सही होते. माझं सांगणं एवढंच: बहिणीला आधी कागद वाचू द्या, घरी नेऊ द्या, आपला हिस्सा किती ते कळू द्या. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं आणि एकदा झालं की परत फिरवणं फार कठीण. ती खुशीने सोडत असेल तर उत्तम. पण मृत्युपत्र केल्याचं सांगायचं असेल तर तेही त्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगा.

तिसरी पायरी: समज जाण्याआधी काय करायचं

खात्यावर जोडीदाराचं किंवा मुलीचं नाव जोडा आणि "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" अशी सूचना घ्या. ठेवींच्या पावत्यांवरही तीच, आणि मुदतीआधी मोडण्याची परवानगी वेगळी लिहून द्या. लकव्याच्या रुग्णाचा दवाखान्याचा खर्च यावरच चालतो. सोसायटीच्या कर्जाचं काम मात्र याने भागत नाही, आमचं भागलं नाही.

समज शाबूत आहे पण हात चालत नाही, अशा माणसासाठी बँकेत सोय आहे. हाताचा किंवा पायाचा अंगठा घेऊन, बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांसमोर पैसे काढता येतात. त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. शाखेत नाही म्हणाले तर रिझर्व्ह बँकेचा हा नियम असल्याचं लेखी अर्जात लिहा.

समज पूर्ण गेली असेल आणि त्याच्या नावावरची मालमत्ता हलवायची असेल, तर पालक नेमणुकीसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच्याच हद्दीत. खर्च आणि वेळ दोन्ही लागतात. मतिमंद, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्न किंवा बहुविकलांग मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करा. तुमच्यानंतर कोण, हेही मृत्युपत्रात लिहून ठेवा.

व्हेंटिलेटरवर किती दिवस ठेवायचं, हाही निर्णय आपला आपण लिहून ठेवता येतो. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. प्रत घरच्यांकडे आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवा.

चौथी पायरी: नॉमिनी

नॉमिनी म्हणजे वारस नाही. बँकेतले पैसे तो विश्वस्त म्हणून घेतो आणि वारसांना देणं लागतो. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात जोडीदार, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर २०१५ च्या दुरुस्तीपासून पैसा त्यांचाच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. लग्नाआधीच्या खात्यांवर वारलेल्या आईचंच नाव नॉमिनी म्हणून राहिलेलं असतं, ते तपासा.

पाचवी पायरी: माणूस गेल्यावर

मृत्यूची नोंद २१ दिवसांत, आणि जिथे मृत्यू झाला तिथेच. आपल्याकडचे रुग्ण सुरत, नाशिक, छत्रपती संभाजीनगरला नेतात. दाखला तिथल्या पालिकेचा मिळतो. दवाखाना सोडण्याआधी फॉर्मवरचं नाव आधारशी आणि सातबाऱ्याशी जुळवून घ्या. एक वेलांटी चुकली तर सुरतच्या फेऱ्या होतात. दाखल्याच्या दहा प्रती काढा.

साप चावून, वीज पडून, शेतातल्या विहिरीत पडून मृत्यू झाला असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यविधी करू नका. त्या दुःखात हे सांगणं कठीण आहे, मला माहीत आहे. पण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतले २ लाख रुपये या कागदांवरच मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, लवकरात लवकर.

गेलेल्याच्या एटीएमने किंवा मोबाइलवरून पैसे काढू नका. हेतू तेराव्याच्या खर्चाचा असला तरी पुढे तोच आरोप होतो. बँकेत दाखला द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. नॉमिनी नसेल आणि वाद नसेल तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे. त्यावरच्या रकमेला दिवाणी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकतं. स्थावराबाबत वारस दाखला मागितला, तर तो १८२७ च्या बॉम्बे रेग्युलेशन ८ खाली दिवाणी न्यायालय देतं, आजही. दहा वर्षांहून जास्त पडून असलेलं जुनं खातं कुठल्या बँकेत आहे तेच माहीत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नावाने शोधा.

कर्ज देणारे दारात येतील. वडिलांचं कर्ज वारसांवर त्यांच्याकडून आलेल्या मालमत्तेपुरतंच येतं, स्वतःच्या पगारावर किंवा स्वतः घेतलेल्या जमिनीवर नाही. पण गडबडीत नव्या कर्जरोख्यावर सही केलीत, तर ते तुमचं झालं.

वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्या, किंवा ई-हक्क प्रणालीवर. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आठ-अ, मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत. सर्व वारस म्हणजे सर्व: मृताची आई हयात असेल तर तीही, मृताच्या लग्न झालेल्या मुलीही, आधी वारलेल्या मुलाची बायको-मुलंही. वडील मात्र पहिल्या वर्गाचे वारस नाहीत. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोंद चुकली तर ६० दिवसांत प्रांताकडे अपील. २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत कित्येक मयत खातेदारांची नावं निघाली. तुमच्या गावात निघाली का आणि बहिणींची नावं लागली का, ते उतारा काढून बघा.

हे सगळं हिंदू कुटुंबांना धरून लिहिलं आहे. मुस्लिम कुटुंबात मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची अशा अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा कलम २(२) ने लागू नाही. तिथे रूढी बघावी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे जायला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल भागात आणि वर्ग २ च्या (परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) जमिनींबाबत कागद करण्याआधी तहसीलमध्ये विचारा.

नावं लागल्यावर वाटणी. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. मोजणी करून नकाशासह घ्या. पंपाची वीजजोडणी अजून आजोबांच्या नावावर असेल तर त्याच फेरीत महावितरणकडे नाव बदलायला द्या. आमच्याकडे ते राहिलं होतं, आणि आप्पा गेल्यावर दोन वर्षं वीजबिल पणजोबांच्या नावाने येत राहिलं.